सात नंबरची काठी

माझ्या स्वयंपाकघरातून तांदूळ जात होता. फार नाही, महिन्याला मूठभर. पण मूठभर गेलेलं जिला कळत नाही तिने चुलीपाशी उभंच राहू नये, असं माझं मत आहे. आणि मी मुळातच संशयी, लपवत नाही. आमची आई म्हणायची, "हिच्या अंगावर कुणी पांघरूण घातलं तर ही झोपेतून उठून विचारेल, का घातलंस?" खरंच आहे ते. मला आधी शंका येते, मग भूक लागते.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या दादाची आहे. मी मध्ये कडमडले, एवढंच.

जंगलात आमचं संशोधन केंद्र आहे. पाच खोल्या, पत्र्याचं छप्पर, जेवायला एक लांब टेबल आणि मागे माझं स्वयंपाकघर. इथे कोरडं म्हणून काही राहत नाही. खिशातली काडेपेटी ओली, बरणीतलं मीठ ओलं, चपलेच्या पट्ट्यावर आठवड्यात बुरशी. अशा जागी मी चौदा वर्षं माणसांना जेवायला घालतेय. दादा इथे लागला तो माझ्या शब्दावर.

त्याआधी तो बंदरावर हमाल होता. बिल्ला नंबर सतरा. तिथली पद्धत अशी की धक्क्याच्या पायऱ्यांपाशी प्रत्येक हमालाची जागा ठरलेली, आणि नंबर त्या जागेचा. सतरा म्हणजे तिसऱ्या पायऱ्यांपाशीची जागा. आधीचा सतरा म्हातारा होऊन घरी बसला, तेव्हा त्याचा पितळी बिल्ला लाल दोरीसकट दादाच्या गळ्यात आला. पुढे बावीस वर्षं त्याला कुणी नावाने हाक मारली नाही. "ए सतरा, इकडे ये!" जुनी गिऱ्हाइकं कौतुकाने सांगायची, सतरा नंबरने पन्नास वर्षांत एक पेटी पाडली नाही. दादा तेव्हा चाळिशीचा. तो नुसता हसायचा. पन्नास वर्षांत तिथे तीन माणसं उभी राहून गेली होती.

मग एका ओल्या पायरीवर पाय घसरला आणि त्याचा उजवा खांदा कायमचा गेला. वहिनी त्याच्या आदल्याच वर्षी गेलेली, मूलबाळ नाही. बिल्ला त्याने पुढच्या माणसाला दिला, दोरी तेवढी मागून घेतली. तेव्हा इथे मोठे सर होते. त्यांना ओढ्याकाठी बसून चतुरांवर, त्या चार पंखांच्या लांबट किड्यांवर, नजर ठेवणारा माणूस हवा होता. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या भावाला गप्प बसता येतं का?"

मी म्हटलं, "सर, दगड उठून जाईल, पण हा उठायचा नाही."

तर काम असं. ओढ्याच्या वळणावर झाडांचं छत थोडं फाटलंय, तिथे सकाळी नऊ ते दुपारी तीन ऊन पडतं. त्या उन्हाच्या तुकड्यात सरांनी पाण्यात बारा काठ्या रोवल्या. काठीच्या टोकावर नर चतुर येऊन बसतो आणि ती काठी, तेवढं पाणी, तेवढं ऊन आपलं समजतो. दुसरा आला की हाकलतो. दादाने त्याला जाळीत धरायचं, पंखावर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचा, सोडायचा आणि मग बघत बसायचं. कोण आला, कोणाशी भांडला, कोण जिंकला. छापील कागद होते, रकाने आखलेले, त्यात भरायचं.

पहिल्या महिन्यात मला वाटलं, याला वेड लागणार. पण माझा दादा उलट खुलला. जेवताना दुसरा विषय नाही.

"अगं धाकटे, अगदी धक्क्यासारखं आहे बघ. बळी तो कान पिळी, असं नाही हं तिथे. आधी बसला त्याची हिंमत मोठी. बाहेरचा कितीही दांडगा असू दे, दोघं गोल गोल फिरत वर जातात, पार निम्म्या झाडापर्यंत. एकमेकांना शिवत पण नाहीत. आणि बहुतेक वेळा बाहेरचाच माघार घेतो. घरचा आपला परत काठीवर."

"आणि मादी?"

"ती येते, पाण्यात अंडी घालते, जाते. तेवढा वेळ हा तिच्या डोक्यावर घिरट्या घालतो, दुसऱ्याला फिरकू देत नाही."

"संशयी मेला!"

"तुझ्याच वळणावर गेलाय," दादा म्हणाला, आणि माझ्या पानातला शेवटचा घास उचलून पळाला. पन्नाशीतला माणूस!

चोरट्याची गोष्ट त्याला सगळ्यात आवडायची. काही नर म्हणे भांडतच नाहीत. पाण्याजवळच्या पानाआड खाली बसून राहतात, तीन-तीन दिवस. मालक कुणाला तरी हाकलायला वर गेला की हे गुपचूप काठीवर. "आणि एकदा नीट बसला ना, की मग तोच मालक. खऱ्या मालकालाच हाकलतो," दादा सांगायचा. कानामागून आला आणि तिखट झाला, तो असा.

हे असलं त्याने एकदा कागदाच्या कडेला लिहिलं होतं. मोठ्या सरांनी लाल पेनाने खोडलं आणि सगळ्यांसमोर झापलं, "छापील रकान्याबाहेर एक अक्षर नको. कागद खराब होतो." सर माणूस वाईट नव्हते, पण त्यांना फक्त बेरजा लागायच्या. महिन्याला भांडणं किती, मालक जिंकला किती. दादा लिहायला शिकला होता तो मोठेपणी, पेट्यांवरची अक्षरं बघून बघून. त्याला ते फार लागलं. त्याने कानाला खडा लावला, पुन्हा कागदाच्या कडेला काही लिहिलं नाही.

अकरा वर्षं अशी गेली. मोठे सर निवृत्त होऊन गेले आणि नव्या मॅडम आल्या. तरुण, हसऱ्या, हळू बोलणाऱ्या. हळू बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय. त्यांनी असं काही केलं जे सरांनी कधी केलं नव्हतं. दादाचे सगळे कागद काढले आणि पहिल्यापासून वाचले. तीन आठवडे वाचत होत्या.

एका सोमवारी सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या. चहा हवा म्हणून नाही, कारण कप हातात भरलेलाच होता.

"तुमचे भाऊ रोज ओढ्यावर जातात ना हो?"

"म्हणजे काय! डबा मीच भरते."

"जातात. पण तिथे बसतात का?" त्यांनी कप खाली ठेवला. "त्यांच्या कागदांत सात नंबरचा चतुर अकरा वर्षं सात नंबरच्या काठीवर बसलाय. बाकीचे अकराही तसेच. पंख फुटल्यावर हा प्राणी दोन महिने जगला तर खूप झालं. मला वाटतं हे सगळं खोलीत बसून लिहिलेलं आहे."

मी विचारलं, आता काय होणार?

"शुक्रवारी मला वर कळवायचंय. खोटं निघालं तर अकरा वर्षांचे कागद रद्द. आणि त्यांना इथे ठेवता येणार नाही. तुम्ही मात्र त्यांना काही बोलू नका. मला आधी बघू दे."

आता खरं सांगते. कुणीही शहाणी बहीण असती तर त्याच क्षणी ओढ्यावर जाऊन म्हणाली असती, दादा, हे काय ऐकतेय मी? मी नाही गेले. मॅडमना कबूल केलं म्हणून नाही. उत्तराची भीती वाटली म्हणून. तो मोडका खांदा घेऊन हा जाणार कुठे, हे एक. आणि दुसरं, मनातल्या मनात मी मॅडमचं खरं धरून बसले होते. दोन महिने जगणारा किडा अकरा वर्षं जगतो, हे मला तरी कुठे पटत होतं? संशयाला औषध नाही म्हणतात, आणि माझ्याकडे तर तो लहानपणापासून मुक्कामाला.

मंगळवारी मी डबा घेऊन नेहमीपेक्षा तासभर आधी निघाले. पायवाट सोडली आणि एका झाडाच्या भिंतीसारख्या मुळामागे उभी राहिले. पायाला जळवा लागल्या तरी हलले नाही. दादा दगडावर बसला होता. बसला तर होता, एवढं बरं वाटलं. मग तो उठला, जाळी टाकली, सात नंबरच्या काठीवरचा चतुर धरला. बोटात धरून पंख उघडले. मी डोळे ताणून बघितलं. पंख कोरे होते. एक ठिपका नाही, काही नाही.

दादाने खिशातून रंगाची बाटली काढली. चोरासारखं इकडेतिकडे बघितलं. पाण्याकडे, पानांखाली, मागे. आणि त्या कोऱ्या पंखावर सावकाश आकडा घातला. सात.

मेलेल्याचा नंबर जिवंतावर! मी तोंडावर हात दाबून धरला. एवढ्यावर थांबला असता तरी ठीक, पण त्याने शर्टाच्या आतून एक छोटी वही काढली, चारेक ओळी लिहिल्या आणि पुन्हा आत सारली. छापील कागद शेजारी दगडाखाली होता. म्हणजे वह्या दोन! ज्याच्या वह्या दोन, त्याची एक खोटी, हे सांगायला कुणी शिकलेलं लागत नाही.

मी पायवाटेवर परत येऊन, लांबूनच हाक मारत, जणू आत्ताच आले अशी गेले. दादा म्हणाला, "आज लवकर गं?" मी म्हटलं, "भाजी लवकर शिजली." भाजी काय, माझं डोकं शिजत होतं.

गुरुवारी तो ओढ्यावर गेल्यावर मी त्याच्या खोलीत शिरले. भावाच्या खोलीत चोरून शिरायची वेळ आली, अजून काय वाईट असतं? शोधायला वेळ लागला नाही. उशाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकण उघडलं तर आत, सगळ्यात आधी काय दिसावं? माझा तांदूळ! तळाशी दोन बोटं थर. वर्षानुवर्षं गेलेल्या मुठींचा चोर माझाच भाऊ. त्यावर छोट्या वह्या, अकरा, बिल्ल्याच्या त्या लाल दोरीने बांधलेल्या. बारावी त्याच्या अंगावर असणार.

मी एक उघडली. मोठं, वेडंवाकडं अक्षर. "७ गेला. सकाळी आला नाही. डावा पंख परवाच फाटला होता." खाली, "७ नवा. तीन दिवस पानाआड होता तोच. दहा वीसला बसला. भांडण नाही." पान उलटलं. "४ गेला. ४ नवा." पुढे, "११ गेला." पानंच्या पानं हेच. कधी ऊन किती, कधी मादी कुठे होती, कधी वर किती उंच गेले.

ज्याला जे दिसायचं ते दिसतं. मला दिसला कबुलीजबाब. माझ्या भोळ्या भावाने आपली लबाडी तारीखवार लिहून ठेवली होती, किती मेले आणि त्यांच्या नंबरावर किती नवे चढवले ते. ह्या वह्या मॅडमच्या हातात पडल्या की संपलंच. नुसत्या कागदांवर तरी काहीतरी सारवासारव करता येईल, विसरलो म्हणता येईल, चुकलो म्हणता येईल. ह्या राहता कामा नयेत.

मी त्या चुलीत घातल्या. एकेक करून, फुंकर घालून. काय भराभर पेटल्या! ह्या ओल्या जंगलात कागद असा कधी पेटत नाही. तांदळाने छान कोरड्या ठेवल्या होत्या. दोरी तेवढी जाळायला हात धजेना, ती ॲप्रनच्या खिशात टाकली. तांदूळ परत पिंपात ओतला. आणि राखेने दुपारची भांडी घासली, म्हणजे पुरावाही नाही. त्या दिवशी मला अगदी हलकं वाटलं. भावाला वाचवलं म्हणून.

शुक्रवारी दहा वाजता मॅडमनी दादाला लांब टेबलाशी बोलावलं. मी चहाचा ट्रे घेऊन मुद्दामच आत गेले. मॅडमनी कागद पुढे सरकवला आणि विचारलं, "हा सात नंबर अकरा वर्षं तोच आहे?"

दादा हसायलाच लागला. "तोच कसा असेल मॅडम? दोन महिन्यांत मरतो की बिचारा. सात नंबर जागेचा. जो जागा घेतो त्याच्या पंखावर सात. आमच्या बंदरावर असंच होतं. मला कुठे माझा नंबर होता? सतरा आधीपासूनच होता, मी नंतर आलो."

मॅडम हळूच म्हणाल्या, "पण मग कोण कधी गेला आणि कोण कधी आला, हे कळणार कसं?"

"लिहिलंय ना. कागदात त्याला रकाना नव्हता, आणि सरांना कडेला लिहिलेलं चालायचं नाही. म्हणून वेगळ्या वह्या केल्या. प्रत्येक बदली लिहिलीय. जागा भांडून घेतली, का पानाआडून घेतली, का आयती मिळाली. नवा बसला की जुना कुठे दडलाय ते आधी बघतो, मगच रंग लावतो."

म्हणून तो इकडेतिकडे बघत होता.

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अकरा वर्षांच्या? प्रत्येक बदली? अहो, एका जागेचा मालक कसा बदलतो, हे इतकी वर्षं कुणी बसून बघितलेलं मी तरी ऐकलं नाही. ह्या कागदांपेक्षा त्या वह्याच खऱ्या. आहेत कुठे?"

"खोलीत. डब्यात तांदूळ घालून ठेवल्यात, ओल लागू नये म्हणून." मग माझ्याकडे वळून, लाजून म्हणाला, "धाकटे, तुझाच तांदूळ न्यायचो हं मी, दर महिन्याला जुना बदलायला. रागावू नको." आणि तो गेला. अकरा वर्षांत मी त्याला असं भरभर चालताना पाहिलं नव्हतं.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी ट्रे छातीशी उचलून धरला, एवढंच.

तो परत आला तो दारातच थांबला. डबा उघडा, हातात तिरका धरलेला. त्याने मॅडमकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या ॲप्रनच्या खिशाकडे. ट्रे उचलून धरल्यामुळे दोरीचं लाल टोक बाहेर आलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "वह्या नाहीत. ओल लागून कुजल्या होत्या. टाकून दिल्या असतील मीच."

आत्ता तर म्हणाला होता तांदळात ठेवल्यात! अरे माझ्या राजा, खोटं बोलायची सवय नाही तर बोलायचं तरी कशाला? मॅडमचा चेहरा बघता बघता मिटला. त्या हळूच खाली बसल्या.

मी ट्रे टेबलावर आपटला. "मी जाळल्या. काल. चुलीत. तो खोटं बोलतोय, मला वाचवायला."

"का जाळल्या?"

"मला वाटलं लबाडी आहे म्हणून."

"म्हणजे तुम्हालाही वाटलं." मॅडम म्हणाल्या. "राख तरी आहे?"

"भांडी घासली राखेने."

दादाने शर्टाच्या आतून चालू वर्षाची वही काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी ती चाळली. सात महिन्यांची होती. एका वहीने काय होतंय? त्या म्हणाल्या, ही तर अशी एका बैठकीतही लिहिता येते. आवाज वाईट नव्हता. "तुम्ही बहीण आहात, मी समजू शकते," असं मला म्हणाल्या आणि फाइल बंद केली. उंदराला मांजर साक्ष, दुसरं काय! मी त्यांच्यावर रागावू तरी कशी? त्यांच्या जागी मी असते तर एवढंही ऐकून घेतलं नसतं. जन्मभर मी कुणावर विश्वास ठेवला नाही, आणि ज्या दिवशी सगळं खरं बोलले त्या दिवशी माझ्यावर कुणी ठेवला नाही.

कागद रद्द झाले. दादाला सोमवारी निघायला सांगितलं. बंदराच्या बाजूला चुलत्याच्या घरी एक खोली होती, तिथे जातो म्हणाला. मधले दोन दिवस तो जेवला, झोपला, रविवारी ओढ्यावर पण जाऊन आला. मला एक शब्द बोलला नाही, तो बोलला असता तर मी वाचले असते. दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी त्याच्या मागे मागे फिरत होते, पाणी हवं का, चहा हवा का. तो मानेनेच नको म्हणायचा.

सोमवारी गाडीची वाट बघत तो दारासमोर उभा होता. वळकटी पायाशी, सुटी. तेव्हा पहिल्यांदा त्याने माझ्याकडे हात पुढे केला.

"दोरी दे."

मी दिली. ती मी धुऊन ठेवली होती, कशाला कोण जाणे. त्याने डाव्या हाताने वळकटीला फेरा घातला, उजवा वर जात नाही म्हणून दुसरं टोक दातात धरून गाठ ओढली. हमालाची गाठ, एका झटक्यात बसली. मग दोरी तोंडातून सोडून तो म्हणाला, "विचारायचं होतंस गं, धाकटे."

गाडी आली. वळकटी मी उचलायला गेले, तर त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच चढवली.